नस बंद केली तर रक्त जाईल कुठून?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझे वय ४९ आहे. नागपुरात मेडिकल चौकाजवळ मी अनेक वर्षांपासून विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. पहाटेपासून दुपारपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी शेगडीपुढे उभे राहणे सुटत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दिसू लागल्या आणि आता त्या वेड्यावाकड्या फुगून गुडघ्याच्या वरपर्यंत गेल्या आहेत. संध्याकाळी पाय जड होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली आहे, तिथे खाज सुटते आणि एकदा खाजवताना पाणीही आले. उजव्या पायावर शिरा थोड्याच आहेत, सूज मात्र दोन्ही पायांना येते. वर्षभरापासून रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीन घेते आणि साखर सीमेवर आहे.

एका शिबिरात पाय नुसते पाहून ‘दोन्ही पायांचे लेझर करून घ्या’ असे सांगण्यात आले आणि पॅकेजचा कागद हाती दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लू सुचवला. जाऊबाई म्हणतात, जळवा लाव. माझ्या दिरांच्या शिरा फार वर्षांपूर्वी ऑपरेशन करून ओढून काढल्या होत्या, त्या पुन्हा आल्या. माझ्या वडिलांच्या बायपासच्या वेळी त्यांच्या पायाची शीर वापरली होती, म्हणून विचारते. नस आतून जाळून बंद केली तर पायाचे रक्त वर जाईल कुठून? उद्या मलाच बायपास लागली तर शीर कुठली घेणार? लेझर, आरएफ, ग्लू, फोम यांत चांगले कोणते? मे महिन्यात मुलीचे लग्न आहे, तोवर थांबले तर चालेल का?

— एक भगिनी, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात चार प्रश्न विचारले आहेत, परंतु माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या प्रश्नांपूर्वीच येऊन गेले आहे. घोट्याच्या आतल्या बाजूची काळी पडलेली, खाजणारी आणि एकदा पाझरलेली कातडी हा आपल्या आजाराचा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचा (पायातल्या फुगलेल्या शिरांचा), खरा बोलका भाग आहे. फुगलेल्या शिरा डोळ्यांना खुपतात म्हणून सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडे जाते, पण पुढे त्रास कुठे वाढणार आहे हे ती कातडी सांगते. त्यामुळे लेझर बरे की ग्लू बरा, हा वाद आपण तूर्त बाजूला ठेवावा आणि या आठवड्यात दोन्ही पायांची कलर डॉप्लर तपासणी (शिरेत रक्त कोणत्या दिशेने वाहते हे दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. यंत्राचे नाव सर्वांत शेवटी ठरते. त्याआधी कोणती शीर, कुठून कुठपर्यंत आणि किती बिघडली आहे, हे ठरावे लागते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते, कारण ही भीती मला जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या बोलण्यात आढळते आणि ती अगदी रास्त आहे. पायातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरांच्या दोन व्यवस्था असतात. एक स्नायूंच्या आत, हाडांच्या जवळून जाणाऱ्या खोल शिरांची आणि दुसरी कातडीखालच्या चरबीतून जाणाऱ्या वरवरच्या शिरांची. पायातले सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जाते. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून पोटरी आणि मांडीच्या आतून जांघेपर्यंत जाणारी जी लांब शीर आहे, जिला सॅफेनस व्हेन म्हणतात, ती या वरवरच्या व्यवस्थेतली मुख्य शीर होय. ती जांघेत खोल शिरेला मिळते. आपला आजार बहुधा तिच्यातला असावा, पण ते डॉप्लरनेच नक्की होईल.

या शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात, त्या दाबाने रक्त वर ढकलले जाते आणि झडपा मिटून ते खाली येऊ देत नाहीत. शेतातल्या विहिरीवरच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला, तर मोटर बंद होताच पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, तसेच इथे होते. झडप निकामी झाली की वर गेलेले रक्त उभे राहिल्याबरोबर त्याच शिरेतून खाली उतरते. निरोगी माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत स्थिर उभे असताना पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरइतका दाब असतो आणि चार पावले चालले की तो ३०च्या खाली येतो. झडपा बिघडलेल्या पायात मात्र चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर टिकणाऱ्या त्या दाबामुळे रक्तातला द्रव आणि लाल पेशी शिरांच्या बारीक जाळ्यातून बाहेर झिरपतात, त्या पेशींमधले लोह कातडीत साचून ती काळपट होते, कातडीखालची चरबी हळूहळू कडक होते आणि अखेरीस एखाद्या खाजवण्याने किंवा डास चावल्यानेही तिथे महिनोन्महिने न भरणारी जखम तयार होऊ शकते.

म्हणजे बिघडलेली शीर रक्त वर नेण्याचे काम आजही करत नाही. ती वर गेलेले रक्त पुन्हा खाली आणून ओझे वाढवते आहे. ती बंद केली की तेच रक्त जोडशिरांमधून, म्हणजे वरवरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या छोट्या शिरांमधून, खोल शिरांकडे वळते आणि मुळात ज्या वाटेने ९० टक्के रक्त जात होते त्याच वाटेने वर जाते. रक्ताची वाट तुटत नाही, उलट पायातला दाब कमी होतो. यात एक अट मात्र आहे. खोल शिरा मोकळ्या असल्या पाहिजेत. पूर्वी कधी खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती वाट अडली असेल, तर वरच्या शिराच पर्यायी मार्ग म्हणून काम करत असू शकतात आणि अशा वेळी त्या सरसकट बंद करणे धोक्याचे ठरते. शिबिरात नुसते पाय पाहून लेझर सुचवण्याला माझा आक्षेप आहे तो याच कारणासाठी. डॉप्लरशिवाय ही गोष्ट कोणत्याही डॉक्टरला, तो कितीही अनुभवी असला तरी, नुसत्या डोळ्यांनी कळू शकत नाही.

डॉप्लर नीट झाली की नाही, हे आपल्यालाही ओळखता येईल. ही तपासणी उभे राहून व्हायला हवी, कारण आडवे झाल्यावर शिरांमधला दाब उतरतो आणि दोष लपून राहतो. ज्या पायाची तपासणी चालू आहे तो थोडा सैल सोडून दुसऱ्या पायावर भार देऊन आपल्याला उभे केले जाईल, जांघेपासून खाली थंडगार जेली लावत यंत्र फिरवले जाईल आणि मधूनमधून तपासणारी व्यक्ती आपली पोटरी हाताने दाबून एकदम सोडून देईल. दाबताना पडद्यावर शिरेत एक रंग उमटतो. सोडल्यावर निरोगी शिरेत तो तिथेच संपतो, तर झडप बिघडलेल्या शिरेत लगेच दुसरा रंग उमटून रेंगाळतो, म्हणजे रक्त मागे फिरते आहे. वरवरच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष मानला जातो. अहवालात हा वेळ, शिरेची रुंदी मिलिमीटरमध्ये, जांघेच्या जोडापाशी झडप कशी आहे, कोणत्या जोडशिरा गळतात आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे दोन्ही पायांबद्दल वेगवेगळे लिहिलेले असावे. एका ओळीत ‘दोन्ही पायांना व्हेरिकोज व्हेन्स’ एवढेच लिहिलेला अहवाल उपचार ठरवायला पुरत नाही. तो नम्रपणे परत करून सविस्तर अहवाल मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

उजव्या पायाबद्दल मला आणखी एक शंका आहे. सूज दोन्ही पायांना सारखी येत असेल, तर तिचे कारण शिरांमध्येच असेल असे नाही. आपण घेत असलेल्या अ‍ॅम्लोडिपीनने अनेकांच्या घोट्यांवर सूज येते. हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम असून डोस वाढला की तो वाढतो. कृपया गोळी स्वतःहून बंद करू नये. जे डॉक्टर रक्तदाबाचे औषध देतात त्यांना ही सूज दाखवावी, आवश्यक वाटल्यास ते औषध बदलतील, आणि त्याच भेटीत लघवीतील प्रथिने, क्रिएटिनीन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. गोळीमुळे आलेल्या सुजेसाठी उजव्या पायाचे लेझर झाले, तर पैसा खर्च होईल आणि सूज तशीच राहील. उजव्या पायाच्या शिरांमध्ये उलटा प्रवाह सिद्ध झाला आणि त्रासही असेल, तरच तिकडे वळावे. ज्या शिरेत दोष नाही ती केवळ पॅकेजमध्ये दोन पाय बसतात म्हणून बंद करू देऊ नये.

बायपासचा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले, कारण तो फार थोडे लोक विचारतात. वडिलांच्या पायातून जी शीर काढली गेली ती हीच सॅफेनस शीर. परंतु हृदयावर जोडण्यासाठी ती सरळ, बेताच्या रुंदीची आणि निरोगी भिंतीची असावी लागते. फुगलेली, वेडीवाकडी झालेली आणि झडपा गेलेली शीर त्या कामी सहसा घेतली जात नाही. त्यामुळे आपल्या डाव्या पायातली आजारी शीर भविष्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. बायपाससाठी छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी हा पहिल्या पसंतीचा पर्याय आहे, मनगटाकडे जाणारी धमनीही वापरतात, आणि दुसऱ्या पायातली निरोगी शीर असतेच. उजव्या पायातली चांगली शीर विनाकारण बंद होऊ न देण्याचे हे आणखी एक सबळ कारण समजावे.

आता पद्धतींबद्दल. शीर ओढून काढण्याची जी शस्त्रक्रिया आपल्या दिरांवर झाली, ती त्या काळी योग्यच होती आणि आजही काही रुग्णांना तीच करावी लागते. त्यांच्या शिरा पुन्हा आल्या याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा घेऊ नये. शिरा फुगण्याची प्रवृत्ती शरीरात राहते, नव्या शिरा बिघडू शकतात, आणि हे लेझरनंतरही घडू शकते. हे आधीच सांगितलेले बरे. ‘पुन्हा कधीच होणार नाही’ अशी हमी कोणी देत असेल, तर त्या हमीवर विसंबू नये.

लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे आरएफ, या दोन्ही पद्धतींत शीर आतून उष्णतेने बंद केली जाते. अमेरिकेत आरएफला १९९९मध्ये आणि लेझरला २००२मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे त्यांच्यामागे आता दोन दशकांहून अधिक अनुभव आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये योग्य रुग्णांसाठी प्रथम उष्णतेने शीर बंद करणे, ते जमत नसल्यास फोम, आणि तेही जमत नसल्यास शस्त्रक्रिया, असा क्रम दिला. तो क्रम मला आजही पटतो.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते, म्हणजे ‘जाळणे’ या कल्पनेची भीती कमी होईल. आपल्याला टेबलावर आडवे करून सोनोग्राफीच्या मदतीने गुडघ्याच्या आसपास शिरेत एक सुई घातली जाते. त्या छिद्रातून बारीक तार किंवा कॅथेटर वर जांघेपर्यंत नेले जाते आणि त्याचे टोक खोल शिरेच्या जोडापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवले जाते. त्यानंतर शिरेच्या भोवती, तिच्या पूर्ण लांबीवर, पातळ केलेले भुलीचे औषध मिसळलेले सलाइन ठिकठिकाणी टोचून भरले जाते. संपूर्ण उपचारात रुग्णाला सर्वांत जास्त जाणवणारा भाग हाच असतो, कारण एकापाठोपाठ एक अनेक सुया टोचाव्या लागतात. पण तोच भाग सर्वांत मोलाचाही आहे. ते पाणी पाय बधिर करते, शिरेला तारेवर घट्ट दाबून बसवते आणि बाहेरची कातडी व मज्जातंतू यांना उष्णतेपासून वाचवते. हे काम घाईत उरकणाऱ्या ठिकाणी भाजणे आणि बधिरता यांच्या तक्रारी वाढतात. आरएफमध्ये कॅथेटरच्या टोकाचा सात सेंटिमीटरचा भाग १२० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, २० सेकंद थांबतो, मग कॅथेटर खाली ओढून पुढचा भाग घेतला जातो. लेझरमध्ये तार हळूहळू मागे ओढत शीर बंद केली जाते. एका पायाला साधारण पाऊण ते एक तास लागतो, टाके बहुधा लागत नाहीत आणि उपचार संपल्यावर आपल्याला लगेच चालायला सांगतात. हे चालणे ऐच्छिक नाही. खोल शिरेत गुठळी होऊ नये यासाठी तो उपचाराचाच भाग आहे.

लेझर आणि आरएफ यांत निवड करायची झाल्यास, माझ्या मते मुख्य गोष्ट ही की आपले डॉक्टर त्यांपैकी कोणती पद्धत नेहमी करतात. शीर बंद होण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारख्या आहेत. जुन्या लेझरनंतर दुखणे आणि काळेनिळे पडणे अधिक असे, परंतु आता वापरात असलेल्या १४७० नॅनोमीटरच्या लेझरने तो फरक बराच कमी केला आहे. दोन्हींत गुडघ्याखाली मज्जातंतू शिरेला लगटून जातो, म्हणून फार खालपर्यंत उष्णता दिली तर घोट्याच्या आत बधिर चट्टा राहू शकतो. आपल्या बाबतीत नेमके किती खालपर्यंत बंद करणार, हे आधी विचारून घ्यावे.

ग्लूमध्ये शीर सायनोॲक्रिलेट नावाच्या चिकट द्रव्याने आतून चिकटवली जाते. उष्णता नसल्यामुळे त्या अनेक सुया लागत नाहीत आणि नंतर घट्ट मोजे घालण्याची सक्ती सहसा नसते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही सोय छोटी नाही. दुसऱ्या बाजूला, ते द्रव्य शरीरात दीर्घकाळ राहते, काहींना शिरेच्या वाटेवर लाली, खाज आणि सूज येते, आणि साहित्य महाग असते. ज्यांना चिकट पट्ट्यांची किंवा अशा द्रव्यांची ॲलर्जी आहे त्यांनी ग्लू टाळावा. आपली कातडी आधीच खाजरी आणि चिडलेली असल्याने मी पहिली पसंती उष्णतेच्या पद्धतीलाच देईन, मात्र अंतिम निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

फोम म्हणजे पोलिडोकॅनॉलसारखे औषध हवेत घुसळून केलेला फेस. तो शिरेत टोचला की शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होऊन ती मिटते. ही पद्धत स्वस्त आहे आणि पुन्हा आलेल्या वेड्यावाकड्या शिरांसाठी, वयोवृद्धांसाठी, जखमेभोवतीच्या शिरांसाठी फार उपयोगी पडते. मात्र मांडीतल्या रुंद मुख्य शिरेसाठी एकटा फोम कमी टिकतो. ब्रिटनमध्ये लेझर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही रुग्णांचे जीवनमान लेझर आणि शस्त्रक्रियेनंतर फोमपेक्षा चांगले आढळले. अनेकदा मुख्य शीर लेझरने बंद करून पोटरीवरच्या उरलेल्या गाठींसाठी फोम वापरतात, किंवा दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रांतून त्या काढून घेतात. त्यामुळे आपल्याला एकाच पद्धतीचे नाव न सांगता दोन पद्धतींची जोड सुचवली गेली, तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

जळवांबद्दल जाऊबाईंना माझा आदरपूर्वक निरोप द्यावा. जळू कातडीखालचे थोडे रक्त ओढते, त्याने काही काळ हलके वाटू शकते, पण बिघडलेली झडप त्याने दुरुस्त होत नाही. दाब तसाच राहिल्याने शीर पुन्हा भरते. शिवाय आपल्या घोट्याची कातडी पातळ झालेली असताना आणि साखर सीमेवर असताना तिथे केलेली कोणतीही जखम चिघळण्याचा धोका आहे. त्या जागी जोरात मालीश करणेही टाळावे. अंघोळीनंतर साधे खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम हलक्या हाताने लावून कातडी मऊ ठेवावी आणि नखे कापलेली ठेवावीत.

लग्नापर्यंत थांबावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘थांबू नये’ असे आहे. शिरांच्या आजाराच्या पायऱ्या शून्यापासून सहापर्यंत मोजतात. कातडी बदललेली असल्याने आपला पाय चौथ्या पायरीवर आहे आणि सहावी पायरी म्हणजे उघडी जखम. जखम झाल्यानंतरही उपचार होतो आणि लवकर केलेला बरा, हे २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसले आहे. तिथे लवकर शीर बंद केलेल्या रुग्णांची जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, तर आधी केवळ पट्ट्या बांधून उपचार पुढे ढकललेल्यांचा ८२ दिवस. ५६ दिवससुद्धा, खानावळ आणि लग्नघर सांभाळणाऱ्या बाईसाठी, थोडे नाहीत. मार्चमध्ये उपचार झाला तर मे महिन्यातल्या लग्नात आपण निर्धास्त वावरू शकाल. शेगडीपुढचे काम बहुतेकांना आठवड्याच्या आत सुरू करता येते, पहिले काही दिवस मांडीच्या आत ओढल्यासारखे वाटते, आणि लांबचा बसप्रवास काही आठवडे टाळावा लागतो. आमंत्रणपत्रिका वाटायला माहेरी जायचे असेल तर ते आधी आटोपून घ्यावे.

घट्ट मोज्यांबद्दल नागपुरात नेहमी तक्रार असते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ती खोटी म्हणता येत नाही. लेझर किंवा आरएफनंतर ते साधारण एक-दोन आठवडे घालायला सांगतात, म्हणून मार्चमधला उपचार सोयीचा. उपचार होईपर्यंत कातडी वाचवण्यासाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे पुरतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजण्याआधी ते चढवावेत, रात्री काढावेत, आणि घोटा व पोटरीचे माप सकाळीच देऊन घ्यावेत. तत्पूर्वी पायाच्या धमनीचे ठोके डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, कारण साखरेमुळे धमन्या अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजे अपाय करतात. खानावळीत ओट्याच्या उंचीचे स्टूल ठेवून पोळ्या लाटण्याचे काम बसून करावे, अर्ध्या तासाने टाचा उचलून पोटरी आवळावी, आणि दुपारच्या पंगती आटोपल्यावर पाव तास पाय छातीच्या वर राहतील असे टेकवून पडावे. शेगडीची धग पायांवर येते का तेही पाहावे, कारण उष्णतेने वरच्या शिरा आणखी पसरतात.

खर्चाबाबत, पॅकेजवर सही करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे आणि त्यात कोणता पाय, कोणती शीर, डॉप्लर, मोजे, नंतरची तपासणी आणि गरज पडल्यास फोम धरले आहेत का हे पाहावे. लेझरची तार आणि आरएफचे कॅथेटर हे एका रुग्णासाठी एकदाच वापरायचे साहित्य आहे. वेष्टनावरचे लेबल आपल्या कागदपत्रांना जोडून द्यावे, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. मेडिक्लेम असल्यास आधी पूर्वसंमती घ्यावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्ससाठी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो. आपली खानावळ मेडिकल चौकाजवळच आहे, त्यामुळे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात किंवा मिहानमधील एम्समध्ये पाय दाखवून दुसरे मत घेणे आपल्याला अवघड नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारावे.

दोन गोष्टींसाठी मात्र कोणत्याही अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. फुगलेली शीर फुटून रक्त येऊ लागले तर उभे न राहता लगेच आडवे व्हावे, पाय छातीच्या वर उचलावा आणि स्वच्छ कापडाने ती जागा दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबून धरावी. मांडीला दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नये. रक्त थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि उपचारापूर्वी किंवा नंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून कडक झाली किंवा धाप लागली, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शक्यता धरून रात्र असली तरी रुग्णालयात जावे.

डॉप्लरचा अहवाल हाती आला की त्यातील खोल शिरांचे वाक्य, जांघेच्या जोडाचे वाक्य आणि शिरेची रुंदी उतरवून मला पाठवावी, सोबत घोट्याचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो जोडावा. त्यानंतर कोणती पद्धत, याबद्दल आपल्याशी अधिक नेमकेपणाने बोलता येईल.